एक डोळा झाकून बघा



संयोजकांनी मला माझ्या कामाबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल ऐकायला कोणी सुट्टी काढून दोडामार्गला येत नाही. म्हणून दुसरा विषय घेतला आहे : अचानक दोन दोन दिसणं किंवा कमी दिसणं. मी डॉक्टर नाही, इंजिनीअर आहे. घरातल्या आजारपणामुळे हे समजून घ्यावं लागलं.

माझ्या काकांना मधुमेह. एका सकाळी त्यांना एका एसटीच्या दोन दिसू लागल्या. सगळे म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला. नवा चष्मा आला, तरी एसटी दोनच. शेवटी बांबोळीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कोणतंही यंत्र लावण्याआधी विचारलं, "एक डोळा झाका. आता किती दिसतात?" एक. "आता दुसरा झाका." पुन्हा एकच.

इथे अर्धं निदान झालं. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो. मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर. कोणताही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळे एका दिशेला वळत नाहीत. मग कारण स्नायूंत, नसांत किंवा मेंदूत शोधायचं. आमच्या कामातही बिघाड कुठे नाही हे आधी ठरवतात. शोधायची जागा कमी होते.

प्रत्येक डोळा सहा स्नायू वळवतात आणि त्यांना मेंदूकडून तीन नसा येतात : तिसरी, चौथी आणि सहावी. काकांना लांबचं आणि डावीकडचं पाहताना दोन दिसत. म्हणजे डावा डोळा बाहेर वळवणारी सहावी नस. मधुमेहात तिचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. अशी नस बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारते. काकांची सुधारली.

तिसऱ्या नसेचं मात्र वेगळं. पापणी पडली, दोन दिसू लागलं आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा त्या नसेवर दाब देत असू शकतो. तो फुटला तर जीवावर बेततं. तिथे उद्याची वाट पाहायची नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग दोन्ही पापण्या जड होतात, दोन दोन दिसतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घरच्यांना वाटतं अपचन किंवा अशक्तपणा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी विंचूदंशाबरोबर मण्यार आणि नागाच्या दंशावरही काम केलं आहे. पडणारी पापणी ही इथे डोळ्याची तक्रार नसते, विषाची खूण असते. सर्पविषावरची लस लवकर मिळायला हवी आणि श्वास थांबला तर कृत्रिम श्वासावर माणूस वाचतो. पापणी उघडत नाही, हात हलत नाही, म्हणून माणूस गेला असं धरून चालू नका. त्याला सगळं ऐकू येत असू शकतं.

आणखी एक. क्षयाच्या औषधांतल्या एथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित दृष्टीची नस दुखावते. दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसतं, लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. डोळे वरून अगदी चांगले दिसतात, चष्म्याने फरक पडत नाही. असं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. आपल्या मनाने सगळी औषधं बंद करू नका.

आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, घरी म्हातारे आई-वडील. म्हणून हे स्मरणिकेतून कापून कपाटाला लावा. डॉक्टरकडे जाताना चार उत्तरं लिहून न्या : एक डोळा झाकल्यावर किती दिसतं? अचानक झालं की हळूहळू? सकाळी जास्त की संध्याकाळी? कोणती औषधं चालू आहेत? थकल्यावर संध्याकाळी वाढणारा त्रास मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराकडे बोट दाखवतो, तो याच तिसऱ्या प्रश्नातून कळतो.

तपासणीची मोठी यंत्रं शहरात असतील. हे चार प्रश्न मात्र दोडामार्गातही विचारता येतात.