परसबाग आपली, कागद कुणाच्या नावावर?

राळेगणसिद्धीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय परसबागेचाच आहे, पण वाफा कसा करायचा हे सांगणार नाही. परसबाग काढून टाका अशी नोटीस आली तर काय करायचं, ते सांगणार आहोत.

आपल्या पारनेर तालुक्यात पाऊस बेताचा. न्हाणीचं पाणी आळूला, शेवग्याला, दोडक्याच्या वेलाला सोडायचं, कडेला चार कोंबड्या, एखादी शेळी, एवढ्यावर घरची भाजी निघते आणि अंड्याचे चार पैसे आपल्या हातात राहतात. म्हणून परसबाग गेली की फक्त भाजी जात नाही, बाईच्या हातातला पैसाही जातो.

आमच्या गटातल्या एका ताईंची नणंद दुसऱ्या तालुक्यात दिलेली आहे. विधवा बाई, पदरात दोन मुलं. तिच्या दाराला नोटीस लागली : रस्त्यावरचं अतिक्रमण सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून घेऊ. नोटीस सासऱ्यांच्या नावाची. सासरे जाऊन नऊ वर्षं झालेली. दीर म्हणाला, "भाजीच तर आहे, उपटून टाक." तिनं तो कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला. चौथ्या दिवशी फोनवर रडत वहिनीला सांगितलं. त्याच दिवशी गटाची बचतीची बैठक होती. आम्ही म्हटलं, आधी एकच गोष्ट शोधू : जागा कुणाची?

मैत्रिणींनो, सगळा निकाल या प्रश्नावर असतो. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा आहे. त्याचं कलम 52 घर बांधण्याच्या परवानगीचं आहे. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला ते लागत नाही. कलम 53 अतिक्रमणाचं. त्यात रस्ता, मोकळी जागा आणि गायरान येतं, आणि तिथं विनापरवाना लावलेलं पीक काढायचा अधिकारही पंचायतीला आहे. पण त्याच कलमात खासगी मालमत्ता वगळलेली आहे. हे नीट लक्षात ठेवा. आपल्या स्वतःच्या जागेतली भाजी अतिक्रमण म्हणून कुणी उपटू शकत नाही.

याचा अर्थ आपल्या जागेत काहीही चालतं असा नाही. शेळ्यांचं पक्कं शेड बांधायचं तर विचारावं लागतं. खताचा वास, रस्त्यावर वाहणारं सांडपाणी याची शेजाऱ्यानं तक्रार केली तर पंचायत बोलणारच. खड्डा झाकून ठेवा, पाणी आपल्या वाफ्यातच जिरवा.

जागा आपल्या शेतातली असेल तर सातबारा बघा. भाजीपाला, फळझाडं ही शेतीच आहे, त्याला बिगरशेती परवानगी लागत नाही. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा. ज्या गावात ड्रोननं मोजणी झाली तिथं मालमत्ता पत्रक, म्हणजे सनद मिळते. स्वामित्व योजना देशात 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. आपल्या राज्यात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी हा प्रयोग झाला होता.

आणि जागा गायरानाची असेल तर तुम्हाला खोटा धीर देणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला, आणि आपल्या सरकारनंही त्याच वर्षी तसा निर्णय काढला. तिथं कितीही वर्षं वाफा केला तरी तो आपला होत नाही. गटाला जागा हवी असेल तर रीतसर मागावी, झाडाला पाणी घालायच्या आधी.

आता नणंदेचं सांगतो. सहाव्या दिवशी तिनं पंचायतीत अर्ज दिला : माझी बाजू ऐका, जागा मोजा, तोवर मुदत द्या. अर्जाची पोहोच घेतली. तिच्या गावची ड्रोन मोजणी झालेली होती, नकाशा मिळाला. पंचांसमोर टेप लावला. शेवगा आणि आळूचा वाफा तिच्याच जागेत निघाला. कुंपणाची बाहेरची ओळ आणि शेळीचा गोठा पाच फूट रस्त्यात होता. तिनं कुंपण स्वतः आत घेतलं. गोठा मोडावा लागला, एक शेळी विकावी लागली. त्याचं तिला वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण शेवगा वाचला. निकाल पटला नसता तर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता आलं असतं.

एक काम मात्र नऊ वर्षं राहिलं होतं : वारस नोंद. जिचे हात मातीत, तिचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. आता अर्ज दिलाय. मैत्रिणींनो, गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा शासनाचा आदेश 2003 पासून आहे. नवरा हयात असतानाच नाव लावून घ्या. तो चिडला तर सांगा, रेडिओवर सांगितलं.

आता आपल्या गावाचं. राळेगणमध्ये चराईबंदी आली तेव्हा शेळीवाल्यांना जड गेलंच असेल. मोकळं चारणं बंद म्हणजे चारा डोक्यावर आणायचा, आणि ते काम बाईचंच. पण डोंगर हिरवा झाला तो त्या नियमानंच. म्हणून नियम वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. नियम ठरताना आपण तिथं असावं, एवढंच म्हणतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. सही करून परत येऊ नका. परसबागेचं, सांडपाण्याचं, गोठ्याच्या जागेचं तिथं बोला आणि ठरावात लिहून घ्या.

बियाण्याचंही विचारतात. आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त कंपनीसारखं नाव-छाप लावून विकता येत नाही. ताजी भाजी विकायला अन्न परवाना लागत नाही. लोणचं, पापड केले तर नोंदणी लागते.

या आठवड्यात तीन कामं करा. नमुना 8 चा उतारा काढा आणि नाव कुणाचं ते वाचा. परसबाग टेपनं मोजून उताऱ्याशी ताडून बघा. दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बचतीच्या वहीबरोबर ठेवा.

नोटीस आलीच तर डब्याखाली ठेवू नका. त्याच दिवशी गटात आणा. वकिलाची भीती वाटत असेल तर ऐका : बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीला विचारा, किंवा 15100 ला फोन लावा.

नणंदेचा शेवगा यंदा बहरलाय. तिनं शेंगा पाठवल्या होत्या, बैठकीत आम्ही वाटून घेतल्या. नमस्कार.