हात कशाने धुतोस?

(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, उमेदीची वर्षे इंजिनाच्या पोटात शिरून काम करण्यात गेली. कार्यवाहांनी "विज्ञानावर काहीतरी बोला" म्हटले तेव्हा आधी नाहीच म्हणालो होतो. पण गेल्या वर्षीची महाप्रसादाची पंगत आठवली आणि होकार दिला.

त्या पंगतीत आपल्याच कॉलनीतला एक मुलगा वाढायला होता. सैन्यात गाड्या दुरुस्तीच्या कामावर आहे, रजेवर आला होता. भात वाढताना त्याचे हात दिसले. बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळलेली. विचारले, "काय रे, हे कशाने झालं?" तर म्हणाला, "काही नाही काका, पार्ट धुतो ना आम्ही, त्याच्यातच हात पण धुतो. ग्रीस झटकन निघतं." कशात धुतोस, तर नाव माहीत नाही. ड्रमवरचा कागद केव्हाच निघून गेलेला.

असे हात मी पूर्वी पाहिले होते. २००० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत, मी नवखा असताना, मोटारींचे भाग पुसायला आमच्याकडे सी.टी.सी. येई. कार्बन टेट्राक्लोराइड. पेट घेत नाही, लगेच उडते, वीजवाल्यांना आणखी काय हवे? एक छत्तीसगढी फिटर होते, सगळे त्यांना कका म्हणत. उघड्या हाताने कॉटन वेस्ट बुडवायचे आणि पिटमध्ये बसून पुसायचे. मी एकदा हटकले तर हसले. "साहब, ये तो उड़ जाता है, रहता कहाँ है?" मलाही ते पटले, हे आज कबूल करतो.

उडते म्हणजे जाते कुठे? हवेत, आणि हवेतून आपल्या छातीत. त्याची वाफ हवेच्या पाचपट जड असते. वर न जाता ती खाली साचते. म्हणजे नेमकी पिटमध्ये, जिथे माणूस बसलेला असतो तिथेच. कातडीतूनही शरीरात शिरते. आत गेले की घाव यकृतावर आणि मूत्रपिंडावर. त्यात संध्याकाळी दारू घेणारा असेल तर यकृताचे नुकसान कितीतरी वाढते. कका थोडी घेत असत. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, गेले. सगळे म्हणाले, दारूने गेला. डॉक्टरांना कोणी सांगितले नाही की हा माणूस दिवसभर कशात हात घालतो. मीही नाही. आणि तो डबा स्टोअरमधून माझ्या सहीने निघत असे. सी.टी.सी.नेच ते गेले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण ती सही डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे ते द्रव्य बंद झाले, तेही आमच्यासाठी नव्हे. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून भारतात अशा वापराला ते मिळेनासे झाले. आकाशाची काळजी आधी झाली, पिटातल्या माणसाची ओघाने! असो.

त्याची भावंडे मात्र अजून आहेत. ट्रायक्लोरोएथिलीन हे त्यातले मोठे. सैन्यांनी जगभर ते वापरले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात कॅम्प लजून नावाचा नौसैनिकांचा मोठा तळ आहे. तिथे गळक्या टाक्यांतून आणि सांडलेल्या द्रव्यांतून ट्रायक्लोरोएथिलीन, तर कुंपणाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून त्याचेच भावंड जमिनीत मुरत विहिरींत उतरले. १९५३ ते १९८७ या काळात सैनिकांची कुटुंबे ते पाणी प्याली. जेरी एन्समिंगर या सार्जंटची मुलगी जेनी १९८५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, अवघी नऊ वर्षांची. बाप वर्षानुवर्षे झगडला. २०१२ चा तिथल्या सैनिक कुटुंबांच्या उपचारांचा कायदा तिच्या नावाचा आहे. भरपाईसाठी कोर्टात जाण्याची वाट २०२२ साली मोकळी झाली. त्या तळावर राहिलेल्यांत कंपवाताचे प्रमाण दुसऱ्या तळाच्या तुलनेत सुमारे ७० टक्के अधिक आढळले, ते २०२३ साली. ट्रायक्लोरोएथिलीनने मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, हे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच ठरवले.

आता आपल्याकडचे ऐका. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात या जातीच्या द्रव्यांची विषबाधा आणि बेंझीनची विषबाधा नोंदवण्याजोग्या रोगांत घातली होती. डॉक्टरला असा रोगी दिसला की त्याने निरीक्षकाला कळवायचे. पण त्याच कायद्यातली 'फॅक्टरी'ची व्याख्या मी वाचली आणि थांबलो. तिच्यातून सैन्याची फिरती युनिटे वगळली होती, आणि त्यांच्या जोडीला कोण? रेल्वेची रनिंग शेड! जवान आणि आम्ही एकाच ओळीत, दाराबाहेर.

म्हणून त्या मुलाला मी जे सांगितले तेच सांगतो. ड्रमवर नाव नसेल तर साहेबांकडे नाव मागायचे, सेफ्टी डेटा शीट मागायची. हात पेट्रोलमध्येही धुवायचे नाहीत, त्यात बेंझीन असते. तेल चोळून साबण लावावा, दोन मिनिटे जास्त लागतात एवढेच. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, वाफ त्यातून आरपार जाते. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. साधे रबरी हातमोजे या द्रव्यांपुढे फार टिकत नाहीत. वेल्डिंगजवळ तर बाटली नकोच. ठिणगीच्या उष्णतेने त्या वाफेचा फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला वायू तो. आणि डॉक्टरकडे गेल्यावर, त्यांनी विचारले नाही तरी, आपण काय काम करतो ते सांगायचे.

परवा त्याचा फोन आला होता. ड्रमवर आता नाव लिहिलेले आहे म्हणाला. हातमोजे मागितले आहेत, अजून आलेले नाहीत.

ज्यांची मुले वर्कशॉपमध्ये, गॅरेजात, सैन्यात आहेत त्यांना काही विचारायचे असेल तर आरतीनंतर मी मंडपातच आहे.

गणपती बाप्पा मोरया!