खेळ अनेक, अंग एकच

(जिल्ह्यातील क्रीडाशिक्षक, मार्गदर्शक आणि वस्तादांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, अहिल्यानगर)



 

पावसाळा लागला की तालुक्याच्या शालेय स्पर्धा सुरू होतात. प्रत्येक शाळेत नववीतली एखादी मुलगी असतेच, चपळ, काटक, कशाला नाही न म्हणणारी. ती खो-खोच्या संघात असते, कबड्डीला चढाईपटू हवी म्हणून तिथेही असते. आठशे मीटरला नाव तिचंच, लांब उडीला दुसरं कोणी नाही म्हणून तिचंच. घरचे हौशी असतील तर संध्याकाळी तालमीतही जाते. खो-खोचे सर म्हणतात, आज जरा जास्त पळून घे. कबड्डीच्या मॅडम म्हणतात, उद्या सामना आहे, अर्धा तास थांब. वस्ताद म्हणतात, बैठका चुकवू नकोस. प्रत्येकाचं मागणं रास्त असतं. या सगळ्या मागण्यांची बेरीज मात्र कोणीच करत नाही, आणि ती बेरीज त्या मुलीच्या गुडघ्यांवर आणि टाचांवर जमा होत राहते.

मुलांनी अनेक खेळ खेळू नयेत, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं उलट आहे. आपल्या शिवेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. तिथली माणसं बाजाराला आणि दवाखान्याला नगरलाच येतात, त्यामुळे त्याला परका मानायचं कारण नाही. लहानपणी शाळेसाठी तो मैलोन्‌मैल चालला, पळला. पण स्पर्धेतलं धावणं त्यानं लष्करात, ५ महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर, विशी गाठल्यावर धरलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची, २०१६ मध्ये ती रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे लहानपणी कराटेत ब्लॅक बेल्टपर्यंत गेला होता. यांच्यापैकी कोणालाही दहाव्या वर्षी एका खेळाला बांधून टाकलं नव्हतं.

पण अनेक खेळ खेळणं ही एक गोष्ट आणि एकाच महिन्यात चार स्पर्धांना जुंपणं ही दुसरी. पहिलीनं अंग घडतं, दुसरीनं झिजतं. शाळेची ढाल, दहावीचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, ही ओढ मी समजू शकतो. कोरडवाहू घरातल्या पोरीला त्या गुणांचं मोल किती असतं, ते आपण सगळे जाणतो. म्हणूनच तिला मोसमभर टिकवणं ही आपली जबाबदारी ठरते.

ज्याला आज स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग म्हणतात, ते काम इथेच लागतं. मोठ्या संघांकडे त्यासाठी वेगळा कोच असतो. आपल्या शाळेत ताकद, दमसास, विश्रांती आणि दुखापत या चारही गोष्टी पाहणारा माणूस एकच, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. तेव्हा हे शास्त्र त्यालाच यायला हवं.

सुरुवात उंचीपासून करा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात, ती जागा या काळात नाजूक असते. म्हणून गुडघ्याखाली नडगीच्या टोकाशी दुखतं, टाच दुखते. आपण म्हणतो, वाढीचं दुखणं आहे, पळ, पळून जाईल. ते तसं जात नाही. भिंतीवर पट्टी आखा आणि दर तीन महिन्यांनी उंची लिहा. एखाद्याची उंची एकदम उसळली, की पुढचे काही महिने त्याच्या उड्या आणि वेगाच्या फेऱ्या कमी करा. तोल, तंत्र, उडीनंतर जमिनीवर नीट उतरणं, यांवर भर द्या. गोऱ्ह्याला शेतकरी पहिल्या दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही, हे आपल्याला घरूनच माहीत आहे.

वजन उचललं की उंची खुंटते, हा समज अजून गावोगाव आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयावर अनेक देशांतल्या तज्ज्ञांचं एकमतानं केलेलं निवेदन आलं. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, तंत्र सांभाळून केलेला भाराचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे आणि त्यांना त्याची गरजही आहे, असं ते सांगतं. जास्तीत जास्त किती उचलतोस, ही पैज मात्र त्यात बसत नाही.

आपल्या तालमीला हे नवं नाही. जोरांनी छाती आणि खांदे, बैठकांनी मांड्या, दोर आणि मल्लखांब यांनी पाठ आणि पकड. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत ही सगळी विद्या नोंदवून ठेवली आहे. वस्ताद मंडळी मला क्षमा करतील, पण या विद्येतला अर्धाच भाग आपण पुढे चालवला, असं मला वाटतं. जोर आणि बैठका राहिल्या, त्याही आकड्यांसाठी. दोर सुटला, मल्लखांब थोड्याच शाळांत उरला. त्यामुळे आपली मुलं ढकलण्यात तयार आणि ओढण्यात कच्ची असतात, दोन पायांवर भक्कम आणि एका पायावर डळमळीत असतात. खो-खोत खुंटाला वळसा घालताना आणि कबड्डीत चढाई करून मागे फिरताना सगळा भार एका पायावरच येतो. पाचशे बैठकांऐवजी शंभर घ्या. उरलेल्या वेळात दोर, एका पायावरच्या बैठका आणि उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं घ्या.

नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या सुमारे १,९०० फुटबॉलपटू मुलींवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप, त्यात पळणं, ताकद, तोल आणि उड्या. जिथे तो नेमानं झाला, तिथे गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला महागडं साहित्य लागत नाही. त्यातलाच एक व्यायाम सांगतो. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि कंबर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागचा स्नायू यानं बळकट होतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा हाच स्नायू २०११ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्या दिवशी दुखावला आणि ती अख्खी मालिका त्याच्या हातून गेली. साबळेला २०२५ मध्ये मोनॅकोत पडल्यावर गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. एवढ्या तयारीच्या खेळाडूंची ही गत होते, तर तयारी न झालेल्या पोरांना किती जपलं पाहिजे!

आता खुराकाबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत जी मुलगी मंदावते, तिला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मोळ्या वाहून त्यांच्या अंगात बळ आलेलं असतं, पण झोप आणि जेवण यांचे हाल झालेले असतात. अशा मुलाला परतल्या दिवशी वेगाच्या फेऱ्यांना उभं करू नका. त्याला तीन-चार आठवडे द्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची गदा उचलली गेली, ती पाहायला गर्दी लोटली होती. तालमीकडे मुलं वळावीत, याचा मला आनंदच आहे. पण वजनगटासाठी चौदा वर्षांच्या पोराला दोन दिवस पाणी तोडून, स्वेटर घालून पळवणं थांबलं पाहिजे. १९९७ मध्ये अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन महाविद्यालयीन मल्ल असंच वजन उतरवताना दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले. वाढत्या वयातलं पोर वरच्या गटात खेळून हरलं तरी चालेल. भरतीच्या अकादम्या चालवणाऱ्यांनाही विनंती आहे की १६०० मीटरची तयारी रोज डांबरी रस्त्यावर घेऊ नका. आठवड्यातले निदान तीन दिवस मातीवर पळवा.

आता माझा प्रस्ताव. प्रत्येक खेळाडू मुलाकडे एक कार्ड असावं आणि ते मुलाकडेच राहावं. शाळा, तालीम, अकादमी, जिथे जिथे सराव होईल तिथल्या मार्गदर्शकानं त्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात, सराव किती मिनिटं झाला आणि मूल दहापैकी किती दमलं. आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी असावी, हा बालरोगतज्ज्ञांमध्ये मान्य असलेला ढोबळ हिशेब आपण धरू. बेरीज त्यापुढे गेली, की मुलाला कोणत्या सामन्यातून वगळायचं ते सगळे मार्गदर्शक एकत्र बसून ठरवतील. कार्डाच्या मागे उंची, दुखणं आणि झोप यांच्या नोंदी राहतील.

हा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. सुरुवात तीन तालुक्यांतून करू. डोंगरातली चालणारी मुलं म्हणून अकोले, ऊसतोडीची मुलं म्हणून पाथर्डी आणि तालमींमुळे श्रीगोंदा. कार्डाचे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. वस्तादांनी त्यात तालमीच्या दृष्टीनं काय बदलायला हवं, ते जेवणाच्या सुट्टीत पेननं त्यावरच लिहून द्यावं.