आधी फुंकर

अंगणात धावता धावता मूल पडते, गुडघा खरचटतो आणि ते भोकाड पसरते. आई धावत येते. हळद, औषध, पट्टी हे सारे मागाहून; प्रथम ती त्या गुडघ्यावर फुंकर घालते. फुंकरीने जखम भरत नाही हे तिला ठाऊक असते. तरी रडे ओसरते. पुष्कळदा तर मूल स्वतःच तोंडाचा चंबू करून आपल्या गुडघ्यावर फुंकू लागते आणि फुंकता फुंकता त्याचे हुंदके विरतात; कारण हुंदके देणे आणि सावकाश फुंकणे या दोन गोष्टी एकाच वेळी कोणालाही साधत नाहीत. राग, भीती, दुःख अशा अनावर भावनांच्या वेळी मुलांना श्वासाचा आधार कसा द्यावा, हा आजचा विषय. त्याचे मर्म मला या फुंकरीत दिसते. मात्र ते दिसायला मला बरीच वर्षे लागली, आणि ज्या बाईंनी ते दाखवले त्या कधी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या.

मी मूळचा वसईकडचा. नोकरीच्या निमित्ताने भोपाळास आलो आणि येथलाच झालो. मराठी माणसाला हे शहर परके वाटत नाही. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे झाली, तेव्हा नागपुराहून सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. माझी शाळा मात्र जुन्या शहराच्या कडेला, हिंदी माध्यमाची. मुले कारागिरांची, रिक्षावाल्यांची, रोजंदारीवर जाणाऱ्यांची.

काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. एरवी गरीब, पण एकदा राग आला की बाक उलथून टाकी. मी नुकतेच कोठेसे वाचले होते की रागावलेल्या मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगावे. एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाला बुकलले, तेव्हा मी त्याला वर्गापुढे उभे केले आणि दरडावून म्हटले, ‘‘खोल श्वास घे! आणखी खोल! दहा वेळा घे!’’ त्याने घेतले. रागाच्या भरात, छाती फुगवून, भराभर घेतले. सहाव्या-सातव्या श्वासाला त्याचा चेहरा पांढराफटक पडला, बोटांना मुंग्या येतात म्हणू लागला आणि तो मटकन खाली बसला. वर्ग हसला. मी घाबरलो.

त्याचे शारीरिक कारण मला पुढे समजले. भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, तो आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. उलट कार्बन डाय-ऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकसतात, घेरी येते. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे एके काळी खानदेशात अंमळनेरला शिक्षक होते. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचे काम आपल्याकडे त्यांनी आरंभिले. प्राणायामाने शरीराला प्राणवायू अधिक मिळतो, ही त्या काळची लाडकी समजूत त्यांनी मोजमाप करून खोडून काढली. ती समजूत अजून जिवंत आहे, आणि माझ्यासारखे मास्तर तिच्या जोरावर मुलांना दरडावत असतात.

दुसरे कारण दुसऱ्या दिवशी शाळेत चालत आले. त्या मुलाची आजी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, धापा टाकत वर आली. मला वाटले, भांडायला आली. पण ती खुर्चीवर बसली, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग एवढेच म्हणाली, ‘‘मास्टर साहब, इसे लंबी साँस लेना मत सिखाइए।’’

श्रोतेहो, दुसऱ्या कोणत्याही गावात या वाक्याचा अर्थ मला विचारावा लागला असता. भोपाळात लागला नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तो हवेहून जड, म्हणून जमिनीलगत वस्त्यांतून पसरत गेला. लहान मुलांची तोंडे जमिनीच्या जवळ. त्यांना त्याचा मारा अधिक बसला. जे जीव घेऊन धावले त्यांना धाप लागली, धापेबरोबर त्यांनी जास्त खोल श्वास घेतले आणि विष त्यांच्याच छातीत जास्त गेले. ओले फडके तोंडावर धरून, श्वास जपून जे राहिले त्यांतले काही वाचले. त्या रात्री ही बाई पदरात मूल घेऊन धावली होती. ते मूल राहिले नाही. तिची छाती तेव्हापासून अशीच. तिच्या नातवाला मी भर वर्गात खोल श्वास घ्यायची शिक्षा दिली होती.

मी क्षमा मागितली. तेव्हा तिने मला एक गोष्ट दाखवली. दवाखान्यात शिकवले म्हणाली. ओठ शिटी वाजवताना करतात तसे मिटत आणले आणि आत घेतलेला साधासुधा श्वास अगदी हळूहळू, लांबवत बाहेर सोडला. ‘‘आत जाणारा श्वास आपला आपण जातो, बाहेर काढायला शिकावे लागते,’’ अशा अर्थाचे ती काही बोलली. फुप्फुसांच्या रोग्यांना डॉक्टर जी रीत शिकवतात ती हीच. भोपाळमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्यानेही वायुपीडितांसाठी आधुनिक औषधांच्या जोडीला आयुर्वेद आणि योग ठेवला. तेव्हा श्वास कसा वागवावा हे या शहराला पुस्तकांतून नव्हे, दुखण्यातून कळले आहे.

मग मी शोधू लागलो, तो आश्चर्य वाटले. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न करण्याचे जे उपाय दिले आहेत, त्यांत श्वासाचा उपाय सांगताना आधी श्वास बाहेर टाकण्याचाच उल्लेख येतो. आणि आजचे शरीरशास्त्रही तेच म्हणते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंद होतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत पसरलेल्या व्हेगस नावाच्या नसेचे हे काम. मुलांत हा फरक मोठ्यांपेक्षा अधिक ठळक असतो. हृदय आपल्या हुकमात नाही, जठर नाही. श्वास मात्र निम्मा आपला, निम्मा शरीराचा आहे. त्या निम्म्या दारातून आत शिरून धडधडणाऱ्या हृदयापर्यंत पोचता येते. दार उघडते ते उच्छ्वासाच्या बाजूने.

आता मी वर्गात काय करतो ते सांगतो. ‘श्वास’ हा शब्दच उच्चारत नाही. मुलांना म्हणतो, हातात गरम चहाची बशी आहे असे समजा. अशी फुंकर घाला की वाफ हलली पाहिजे, पण चहा सांडता कामा नये. फुंकर संपली की तोंड मिटायचे. नाकाने हवा आपोआप येते, तिला येऊ द्यायचे. श्वास कोंडायचा नाही. कुंभक लहान मुलांचे काम नव्हे. अशा पाच-सहा फुंकरी, मिनिटभराचा खेळ. कधी कागदाचे भिरभिरे घेतो, कधी साबणाचे फुगे; जोराने फुंकले की फुगा फुटतो, हे मुलांना माझ्या व्याख्यानापेक्षा लवकर कळते. दम्याच्या मुलाला धाप लागली असेल तर मात्र हा खेळ नाही. तेथे आधी औषध.

आणि हे सारे मन शांत असताना, रोज. बुडणाऱ्याला काठावरून पोहणे शिकवता येत नाही. मास्तरांनीही मुलांबरोबर फुंकावे. मी फुंकू लागल्यापासून माझा आवाज उतरला आहे असे आमच्या घरचे सांगतात. मुलांचे काय झाले ते परमेश्वर जाणे.

ही कोणाची प्रार्थना, असे मला दोन्ही बाजूंच्या पालकांनी विचारले आहे. प्रश्न या राज्यात नवा नाही. २००७ च्या जानेवारीत येथील शाळांत सामूहिक सूर्यनमस्कारांचा सरकारी कार्यक्रम झाला, त्याला मुस्लिम आणि ख्रिस्ती मंडळींनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि भाग घेणे ऐच्छिक ठरले. मी स्वतः कॅथलिक. लहानपणी वसईस रोज संध्याकाळी घरी रोझरी होई; आम्ही मुले अर्धी झोपेत ‘नमो मारिया’ म्हणत असू. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीच्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेतील ‘आवे मारिया’ आणि योगातील मंत्र, दोन्ही म्हणवून घेतले. दोहोंनीही श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली आणि हृदयाचा ताल सुधारला. विचारणाऱ्या पालकांना मी हे सांगतो. फुंकरीला धर्म नसतो हे त्यांना एरवीही पटते, कारण त्यांच्या घरीही गुडघे फुटतातच.

पण या उपायाचा गवगवाही होऊ नये. २०२२ साली ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ८५ शाळांतील ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांवर मुलांना घेऊन तो केलेला. त्यांतल्या काही शाळांत शिक्षकांकरवी श्वासाकडे, मनाकडे लक्ष देण्याचे धडे शिकवले. इतर शाळांपेक्षा त्या मुलांचे मनःस्वास्थ्य काही सुधारले नाही. बरीच मुले घरी सराव करीतच नव्हती. मला याचे नवल वाटले नाही. तासिका लावून, घंटा वाजवून, पुस्तकातून शांतता शिकवायला गेलो तर भूगोलाच्या तासाला होते तेच होणार. आणखी एक भय मला वाटते. मूल आरडाओरडा करते तो आपल्याला गैरसोयीचा होतो, म्हणून त्याला गप्प करण्याचे हे नवे, सभ्य साधन बनू नये. मी त्या दिवशी तेच केले होते. छडीच्या जागी श्वास आणला, एवढेच.

तो मुलगा का चिडला होता हे मी त्या दिवशी विचारलेच नव्हते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बाक उलथला. या वेळी मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि नुसता फुंकत राहिलो. प्रथम त्याने तोंड फिरवले; मग फुंकू लागला. चार-पाच फुंकरींनंतर बोलला. शेजारचा मुलगा त्याच्या आजीच्या धापेची नक्कल करीत होता. पहिल्या वेळीही तेच घडले होते.

नक्कल करणाऱ्या मुलाला मी जवळ बोलावले आणि त्याच्या घरी कोणाला धाप लागते का, असे विचारले. तो खाली पाहू लागला. त्याच्या आजोबांना लागत होती.

आजी अजून अधूनमधून शाळेत येते. नातू तिच्या पुढे एक पायरी चालतो, वळणावर थांबतो, ओठांचा चंबू करून तिच्याकडे पाहतो. ती हसते आणि फुंकते. मग दोघे पुढचा जिना चढतात.