अपंगांचे पुनर्वसन आणि आपले कर्तव्य
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, हे पाहून जुना शिक्षक या नात्याने आम्हांस परम संतोष वाटला. परंतु कार्यकारी मंडळाने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम असा विषय निवडला की, ज्यात आमच्या पदरी यश नसून एक चूक आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीतील, एका सरकारी कर्मशाळेत फिटर होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. जखम भरली, पण पुन्हा यंत्रासमोर उभे राहण्याची त्यास धास्ती वाटे. त्याचे वडील सल्ल्यासाठी आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, आता ह्याच्या हातून काय होणार?" आम्हीही मान डोलावली, आणि आमचे अक्षर चांगले म्हणून राजीनाम्याचा अर्ज आम्हीच लिहून दिला! पुढे ज्ञातीच्या निधीतून त्यास दरमहा मदत मंजूर करविली आणि मोठे सत्कृत्य केल्याच्या समजुतीत राहिलो.

वास्तविक त्या वेळी अपंग व्यक्तींसंबंधीचा १९९५ चा कायदा अमलात होता. नोकरीत असताना ज्यास अपंगत्व येईल, त्यास सरकारी आस्थापनेने कामावरून काढू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. तीच पुढे २०१६ च्या कायद्यातही आली आहे. म्हणजे जी भाकरी कायद्याने राखली होती, ती आमच्या लेखणीने घालविली.

चार वर्षे तो ओटीवर बसून होता. जेवण वेळेवर मिळे. पण घरातील कोणत्याही गोष्टीत त्याचे मत कोणी विचारीनासे झाले. अखेर त्याच्या पत्नीने पदर खोचला आणि ती त्यास मुंबईच्या व्यवसाय पुनर्वसन केंद्रात घेऊन गेली. अशी केंद्रे केंद्र शासनाने १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे प्रथम उघडली. आज ती दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे म्हणून ओळखली जातात. तेथे त्यास काय गेले हे विचारण्याऐवजी काय शिल्लक आहे हे पाहिले. डाव्या हाताची पकड पाहिली, नकाशा वाचता येतो का हे पाहिले, मापांचे ज्ञान तपासले. तेव्हा कळले की, फिटरची विद्या बोटांत थोडी आणि डोळ्यांत व डोक्यात पुष्कळ असते! डाव्या हाताने मापकयंत्र धरण्याचा त्याने सराव केला. आज तो एका लहान कारखान्यात तयार सुटे भाग तपासून पास करतो. पगार पूर्वीच्या मानाने कमी आहे. परंतु मुलीचे लग्न ठरविताना बैठकीत तो पुढे बसला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज संस्था खडकीस आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, तेथे ज्यांना समाजाने टाकले होते त्या कुष्ठरुग्णांनी शेती पिकविली, माग चालविले. दोन्हीकडचे तत्त्व एकच : दया माणसाला जगविते, काम त्याला उभे करते.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची तीन बाबतींत विनंती आहे. कोणास अपघात वा आजाराने अपंगत्व आले तर घाईने राजीनामा देऊ नये. आधी कायदा जाणणाऱ्यास विचारावे. दुसरे, ज्ञातीच्या निधीतून दरमहा मदतीबरोबरच, किंबहुना तिच्याआधी, केंद्रापर्यंतचा प्रवास, शिक्षण व हत्यारे यांचा खर्च द्यावा. तिसरी विनंती दुकानदार व कारखानदार बंधूंना. वर सांगितलेले संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे; खाजगी जागी मालकाचे मन हाच मोठा आधार. आपल्याकडे हिशेब, तपासणी, दूरध्वनी, बांधणी अशी एक तरी जागा असेल. ती उपकार म्हणून न देता चोख कामाच्या अपेक्षेने द्यावी.

विद्यार्थ्याची चूक आम्ही चाळीस वर्षे लाल शाईने दाखविली. आज आमची स्वतःची दाखविली आहे. तसला अर्ज आपल्यापैकी कोणीही पुन्हा लिहू नये, इतकीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.