शिक्षा झाल्यानंतर
(अभ्यासवर्गातील भाषण)

कॉम्रेड्स, पत्नीच्या छळाबद्दल एखाद्यास शिक्षा झाली की मोर्चा विसर्जित होतो. वास्तविक लढ्याचा उत्तरार्ध तेथूनच सुरू होतो.

दिल्लीतील एका खटल्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. डिसेंबर १९८० मध्ये एका गरोदर विवाहितेचा जळून मृत्यू झाला. मे १९८३ मध्ये सत्र न्यायालयाने पती, सासू व दीर या तिघांना फाशी सुनावली. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. सरकारने व महिला वकिलांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९८५ मध्ये पती व सासूला जन्मठेप झाली, दिराची सुटका कायम राहिली. पुरावा तोच, निकाल मात्र तीन!

यावरून अपिलाचा हक्कच नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पहिलाच निकाल अखेरचा ठरता, तर दीर फासावर गेला असता. संपाबद्दल तुरुंगात गेलेल्या कामगारालाही हाच हक्क उपयोगी पडतो.

प्रश्न आहे तो या हक्काच्या असमान वाटणीचा. छळाच्या गुन्ह्यास (पूर्वीचे ४९८-अ, आज भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) कमाल शिक्षा तीन वर्षांची. खटल्याच्या काळात जामिनावर असलेला आरोपी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेनंतर अपिलासाठी बहुधा त्याच न्यायालयातून जामिनावर सुटतो. म्हणजे शिक्षेच्या संध्याकाळीच तो घरी! दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करण्यास त्याला तीस दिवस मिळतात. पीडितेस २००९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र अपिलाचा हक्क मिळाला खरा. परंतु तो निर्दोष सुटका, सौम्य गुन्ह्याखालील दोषसिद्धी वा अपुरी भरपाई यांविरुद्धच. शिक्षा अपुरी वाटली तर अपील सरकारनेच करावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. आणि सरकारी कचेरीत फायलीचा वेग किती, हे सांगावयास नको.

म्हणून स्थानिक शाखांनी निकालाची प्रत त्वरित मिळवावी, अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील करण्यासाठी सरकारकडे लेखी मागणी करावी, आणि सुनावणीच्या तारखांवर लक्ष ठेवावे. २००५ च्या कायद्याखाली संरक्षणाचा व निवासाचा आदेश घेण्यासाठी अपिलाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. संरक्षणाचा आदेश मोडणे हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा वेगळा गुन्हा आहे. पती जामिनावर परतण्यापूर्वीच हा अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे गेलेला असावा.