देश तशी खिडकी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी नाट्य, संगीत, संतवाङ्मय असे विषय बाजूस ठेवून आम्ही खिडकीवर बोलावयास उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी जी पिढी नोकरीनिमित्त प्रथम दिल्लीस आली, तिला खिडकी निवडण्याचा प्रसंग सहसा आलाच नाही. सरकारी वसाहतीत जे घर वाट्यास आले, त्याची जाड भिंत, व्हरांडा आणि छज्जा बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेला असे. आता मुले द्वारका, नोएडा, गुरुग्राम येथे स्वतःची घरे घेत आहेत, आणि गावाकडचे आईवडील कायमचे राहावयास येत आहेत. त्यांना दिलेली खोली जेठातल्या दुपारी अंग टाकण्याजोगी राहील की नाही, हे पुष्कळ अंशी खिडकीवर ठरते. म्हणून हा विषय.

आपण मराठी माणसे घर सोडून येतो, तेव्हा गावच्या खिडकीची कल्पनाही बरोबर आणतो. मुंबई-कोकणात पश्चिमेचा वारा समुद्रावरून येतो. त्यामुळे पश्चिमेची मोठी खिडकी तेथे भाग्याची समजतात. तरी तेथेही ती उघडी टाकून चालत नाही. मुंबईच्या ‘कांचनजंगा’ या 1983 साली पूर्ण झालेल्या उंच इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी वारा आणि समुद्राचे दर्शन यांसाठी घरे पूर्वपश्चिम उघडली. पण त्याच बाजूने येणारे ऊन व पाऊस अडविण्यासाठी खोल्यांपुढे खोल गच्च्या ठेवल्या. जुन्या कोकणी घराची खाली उतरलेली पागोळी हेच काम करीत आली आहे. दिल्लीत मात्र पश्चिमेकडून समुद्राचा वारा नव्हे, तर मे-जूनमध्ये ‘लू’ येते. मुंबईचे सुख येथे जसेच्या तसे मागितले, तर ते शिक्षा होऊन पदरी पडते.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग मानले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि संमिश्र. दिल्ली संमिश्र विभागात मोडते. मे महिन्यात कोरडी आग, जुलै-ऑगस्टमध्ये घामाच्या धारा, जानेवारीत धुके आणि हाडे गोठविणारी थंडी. नागपूरकर मंडळींना यातील पहिला भाग नवा नाही. तिसरा मात्र त्यांनाही येथेच शिकावा लागतो. तेव्हा दिल्लीची खिडकी ही तीन ऋतूंची चाकरी करणारी असावी लागते.

पहिला प्रश्न दिशेचा. दिल्लीत 21 जूनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 85 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. 21 डिसेंबरला तो जेमतेम 38 अंशांवर असतो. चार फूट उंचीच्या दक्षिण खिडकीच्या माथ्याशी दोन फुटांचा छज्जा काढला, तर जूनच्या दुपारी सारी खिडकी सावलीत राहते. आणि डिसेंबरच्या दुपारी वरचा सुमारे दीड फूट सोडून खालून ऊन घरात येते. उन्हाळ्यात नको असलेला आणि हिवाळ्यात हवाहवासा पाहुणा एका छज्ज्याने असा ओळखता येतो! पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. मावळतीकडे झुकलेला सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरतो, आणि तोही भिंती दिवसभर तापून झाल्यावर. म्हणून पश्चिमेची खिडकी लहान ठेवावी, आणि तेथे न्हाणीघर, जिना, अडगळीची खोली यांना जागा द्यावी. वृद्धांची खोली तेथे देऊ नये.

दुसरा प्रश्न काचेचा. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते. पण त्याने तापलेल्या जमिनीतून व सामानातून निघणारी उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतला पडदा, कितीही भारी असला, तरी थोडाच उपयोगी. ऊन काच ओलांडून आत आल्यावर त्याची त्याच्याशी गाठ पडते. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. या भागात बांबूच्या ‘चिका’ बाहेरून सोडण्याची जी जुनी चाल आहे, ती याच ज्ञानातून आलेली आहे. दगडी जाळीचेही तेच. जयपूरच्या 1799 सालच्या हवामहालात झरोके दिसतात, ते केवळ शोभेसाठी नव्हेत. जाळी ऊन मोडते, वाऱ्यास वाट देते आणि घराची अब्रूही राखते.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा. खोलीत वारा येण्यास जाण्याचीही वाट लागते. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन भिंतींतली एकेक बरी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 सालच्या ‘इको निवास संहिते’त उघडणाऱ्या भागाचे माप दिले आहे: संमिश्र हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान 12.5 टक्के, उष्ण-दमट हवामानात 16.66 टक्के. म्हणजे 600 चौरस फुटांच्या घरास दिल्लीत 75 आणि मुंबईत 100 चौरस फूट. येथे ‘उघडणारा’ हा शब्द महत्त्वाचा. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही मोठी दिसली, तरी निम्मीच उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात व रात्री हवा निवल्यावर उघडाव्यात. मात्र कूलर चालू असेल, तर समोरची खिडकी थोडी किलकिली ठेवलीच पाहिजे. नाहीतर ओल आत साचते आणि गारवा मिळत नाही. वाळ्याचे पडदेही कोरड्या मे महिन्यातच गुण देतात. पावसाळ्यात ते बिचारे निरुपाय असतात. त्या दिवसांत पूर्वेकडून येणारी ‘पुरवाई’ घरात कशी खेळेल, तेवढे पाहावे.

चौकटीविषयी थोडक्यात सांगतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, पण उष्णता कमी वाहते. ॲल्युमिनियम टिकाऊ, पण उष्णता भराभर वाहणारे. यूपीव्हीसी या दोहोंच्या मधला मार्ग. दुहेरी काचेचा खर्च जेथे वातानुकूलन यंत्र बराच वेळ चालते किंवा रहदारीचा गोंगाट आहे, तेथेच करावा. फटी मात्र कोठेही ठेवू नयेत. एकेकाळी त्यांतून फक्त आंधीची धूळ येई. आता नोव्हेंबर-डिसेंबरचा विषारी धूरही येतो. त्या दिवसांत पहाटे खिडकी बंद ठेवून, हवा त्यातल्या त्यात निवळल्यावर दुपारी थोडा वेळ उघडावी. डासांची जाळी हवीच. ती वारा थोडा अडविते, म्हणून खिडकी मापाने जरा मोठी धरावी.

ज्यांनी घर घेऊन टाकले आहे, त्यांनी हताश होऊ नये. दिशा बदलता येत नाही, पण सावली विकत घेता येते. पैसे थोडे असतील, तर प्रथम पश्चिमेला बाहेरून चीक सोडावी, मग फटी बुजवाव्यात, मग सरकत्या खिडकीच्या जागी बिजागरीची बसवावी. भारी काचेचा विचार सर्वांत शेवटी. नवे घर पाहावयास जाणाऱ्यांना आमची एवढीच विनंती की, ते मे महिन्यात दुपारी चार वाजता पाहावे. विक्रेता सकाळी दहाची वेळ देईल. ती नम्रपणे नाकारावी.

‘देश तसा वेश’ असे आपले वाडवडील सांगून गेले. आपण येथे येऊन भाषा राखली, गणपती राखला, पुरणपोळी राखली. ते राखलेच पाहिजे. पण खिडकी मात्र या मुलखाची असू द्यावी. घरात आपण मराठी राहू. उन्हाशी आणि वाऱ्याशी व्यवहार मात्र त्यांच्याच बोलीत केला पाहिजे.